बंदराआधीची वाफ

दुपारची जेवणं आटोपून लोक आपापल्या खोल्यांत आडवे झाले होते, तेव्हा जहाजाचं इंजिन थांबलं. आवाज बंद झाला असं म्हणता येणार नाही, कारण तो आवाज कानाला असा ऐकू येतच नसे. तो पलंगाच्या कडेतून, पेल्यातल्या पाण्यातून, माझ्या दाढांतून यायचा, आणि तो गेला तेव्हा आधी दाढांना कळलं आणि मग मला. मला कळेपर्यंत माझा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला होता आणि मी खोलीतला दिवा घालवला होता. दिवा मुळात कशाला चालू होता तेही सांगता येणार नाही. गोल खिडकीतून समुद्रावरचं ऊन सरळ ताईच्या पायांवर पडलं होतं. तरी मी बटणावर बोट तसंच ठेवून, खालून कुणीतरी शिट्टी मारेल म्हणून वाट बघत उभा. उभा जन्म मी सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवलं. तिथे पहिला धडा हाच की मशीन थांबलं की बाकी सगळं मागाहून, आधी लाइट घालवायची. नाहीतर फिल्म जिथे अडकली असेल तिथे जळते, आणि नायिकेच्या गालावर एक तपकिरी फोड उठून बघता बघता सगळ्या पडद्यावर पसरतो. मग खालच्या शिट्ट्या, मग मॅनेजर जिन्यावरून धापा टाकत वर. इथे कुणी शिट्टी मारली नाही. बाहेर बोळात एक दार उघडलं आणि मिटलं, एवढंच.

पलीकडच्या पलंगावर ताई झोपली होती. डोळे न उघडता तिनं विचारलं, बंद पडलं का रे. मी म्हणालो, पडलं. "बरं वाटतंय," ती म्हणाली आणि कूस बदलून पुन्हा झोपली. मला तिचा रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर लागायचं होतं, बंदरावर मधला येणार होता, ज्याला तिनं वीसेक वर्षांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, आणि भर समुद्रात जहाज ठप्प झालं तर हिला बरं वाटतंय. मधला म्हणजे माझा थोरला भाऊ. आम्ही तिघं, ताई सगळ्यांत मोठी, मग तो, मग मी. तोंडावर मी त्याला दादा म्हणतो, पण घरात त्याचं नाव मधलाच पडलं, आणि तो परदेशी निघून गेल्यावर दोन टोकंच उरली तरी मधला तो मधलाच. त्याची बायको मागच्या वर्षी गेली. नंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते धड जमलं नाही. मग एका रविवारी त्यानं फोनवर मला सांगितलं, ताईला थोडे महिने माझ्याकडे पाठव. थोडे महिने हे तो ज्या आवाजात म्हणाला, त्यावरून ते थोडे नव्हते. विमानात ताईच्या कानात असह्य दुखतं, म्हणून जहाज. मधल्यानं ताईच्याही आणि माझ्याही नावानं तिथल्या मुक्कामाची परवानगी काढून ठेवली होती; माझ्या नावाची नुसती शोभेला, असं मी समजून होतो. जहाज एक दिवस बंदरात थांबणार, आम्ही उतरून त्याला भेटणार, आणि संध्याकाळी ताई परत चढते का नाही ते ताईनं ठरवायचं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, जाऊन बघू. आता ताईचं बघू मला पाठ आहे. माझ्या नोकरीच्या वेळी ती बघू म्हणाली होती, भाड्याचं घर सोडून आताच्या दोन खोल्यांत यायच्या वेळीही बघू म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा ते तेव्हाच ठरलेलं होतं. म्हणून घर सोडल्यापासून मी हेच धरून होतो की हेही ठरलेलंच आहे.

एरवी मला त्या जहाजावर कशाचीच तक्रार नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण बाकीचे सगळे तक्रारीच करत. आमची खोली एवढीशी, दोन पलंग, मध्ये एका माणसाला वळता येईल इतकी जागा, आणि भिंतीत ती गोल खिडकी. पहिल्या रात्री दार लावलं आणि मी गारच झालो. ही तर माझीच खोली. मशीनची खोली अशीच होती, पायाखाली सतत एक घरघर, भिंतीत एक भोक, आणि भोकातून पलीकडे दुसऱ्यांचं मोठं जग. माणसं थिएटरात समोरून पडदा बघतात; मी त्यांची डोकी बघत आलो. कोण हसलं की पुढे झुकतं, कोण रडताना शेजारच्याला कळू नये म्हणून मान ताठ ठेवतं, ते मला वरून सगळं दिसे, आणि मी कुणाला दिसत नसे. असा सुखी माणूस शोधून सापडायचा नाही. थिएटर बंद झालं, तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली, त्याला बरीच वर्षं झाली. पण त्या घरघरीशिवाय मला गाढ झोप म्हणून लागली नव्हती ती जहाजावर लागली. ताईलाही खोली आवडली असावी. ती तासन्‌तास पलंगावर गुडघे जवळ घेऊन खिडकीशी बसे. मी म्हटलं, वर डेकवर चल, गाणी आहेत, खुर्च्या आहेत. ती म्हणायची, तू जा, मी बसते. मी गेलो नाही. ती एकटी कंटाळेल म्हणून मी तिच्याजवळ बसून राहिलो आणि तिला जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगितल्या, ज्या तिनं माझ्याच तोंडून दहादा ऐकल्या होत्या.

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर एक निवृत्त दंतवैद्य आणि त्यांची बायको असत. ताईनं पहिल्याच जेवणाला त्यांचं नाव दातवाले ठेवलं. दातवाल्यांना बातम्या कुठून मिळत देव जाणे, पण सूप येण्याआधी बातमी येई. आपण जिथे उतरणार तिथे म्हणे कसलासा ताप पसरलाय. तिथले आरोग्याचे लोक जहाजावर चढून एकेकाला तपासणार. ज्याला ताप त्याला उतरू देणार नाहीत. इथवर ठीक होतं, पण ज्याला ताप त्याच्या खोलीतल्या माणसालाही उतरू देणार नाहीत, हे ऐकून दातवालीनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना तिथल्या तिथे शिंक आली. मग सुया घेतल्याचा पुरावा लागतो का नाही, कोणती सुई, ती आपण घेतली ती का दुसरी, यावर आख्खा हॉल बोलत होता. कुणी म्हणे एका बंदरानं मागे एक जहाजच्या जहाज परत पाठवलं. शिवाय याच जहाजाचं इंजिन मागच्या खेपेला बंद पडून ते एक आख्खा दिवस तरंगत होतं आणि संडासांना पाणी नव्हतं, हेही दातवाल्यांनी सांगितलं, ते मात्र गोड पदार्थ येण्याच्या वेळी. मी आपलं ज्ञान पाजळायला नको होतं. पण दोन रात्री मला जमिनीखालून एक खट् खट् ऐकू येत होतं, घरघरीच्या पोटात, आणि असली खट्‌खट मी मशीनमध्ये शंभरदा ऐकली होती. मी म्हणून गेलो, बेअरिंग खराब होत चाललंय. दातवाल्यांनी ते सगळ्या मजल्यांवर पोचवलं. तिसऱ्या दिवशी जहाजाचा एक अधिकारी मुद्दाम आमच्या टेबलाशी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला की आपल्या खोलीच्या बरोब्बर खाली धुलाईखाना आहे, तिथे कपडे वाळवायचं पिंप फिरतं, आणि कुणाच्या तरी कोटाची बटणं त्याला आपटत असतात. ताई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. हॉलमधल्या माना एकदम वळल्या.

त्या वळलेल्या माना बघून मला पहिल्यांदा उमगलं की आमच्यापुढचा खरा प्रश्न इंजिनाचा नाही. ताईचा खोकला हा आजार नव्हे. तिनं तरुणपणापासून गाद्या-उशांच्या कारखान्यात काम केलं, कापसाची धूळ छातीत बसली ती बसली. कोरडा, खडखडीत खोकला. सकाळी उठल्यावर चार, दुपारी दोन, हसली तर जास्त. आमच्या घरात तो भिंतीपलीकडून ऐकू आला की मला कळतं सकाळ झाली, आणि मी डोळे न उघडता पडून राहतो, कारण आता चहा होणार असतो. पण हे सगळं आरोग्याच्या माणसाला कोण सांगणार, आणि कुठल्या भाषेत. ताईलाही ते कळलं असावं. त्या रात्रीपासून ती खोकला गिळायला लागली. उबळ आली की ती ओठ घट्ट मिटे, मान खाली घाली, आणि डोळ्यांत पाणी उभं राही. मी पाणी पुढे केलं तर हातानंच नको म्हणे. मधल्यासाठी एवढं चाललंय, असं माझ्या मनात येई, आणि मग मला माझी लाज वाटे, आणि लाज वाटून झाली की पुन्हा तेच मनात येई.

तर ते इंजिन थांबलं. आम्ही किती वेळ तरंगत होतो कोण जाणे. समुद्र इतका सपाट होता की आपण बुडू असं वाटेना, पोचू असंही वाटेना. शेवटी कप्तानाचा आवाज आला, लहानसा तांत्रिक अडथळा, काळजीचं कारण नाही, आणि त्यानंतर पुष्कळ वेळानं माझ्या दाढांना घरघर पुन्हा लागली. रात्री जेवताना कळलं की उशीर झाल्यामुळे उद्या बंदरात पूर्ण दिवस मिळणार नाही, दुपारीच जहाज सुटेल. दातवाले म्हणाले, अहो, यांना माणसं आणि सामान यांतला फरक कळत नाही. ताई काही बोलली नाही. मी हिशेब घालत होतो की निम्मा दिवस म्हणजे भेट होईल, चहा होईल, आणि राहायचं का परत यायचं हे ठरवायला वेळच उरणार नाही, मग राहणं राहूनच जाईल. हा हिशेब मला गोड वाटला, आणि मी दोनदा गोड वाढून घेतलं.

सकाळी ताईनं मला उठवलं तेव्हा तिची तयारी झालेली होती. न्हाणीघरातल्या धुवायच्या भांड्यात तिनं कढत पाणी भरलं होतं, नळाचं अंगावर घ्यायचं कढत नव्हे, केटलीतलं उकळतं, आणि हातात मोठा टॉवेल. मी ओळखलं. आमच्या घरात कुठलंही मोठं काम वाफ घेतल्याशिवाय झालं नाही. आई गेली तेव्हा ताई शाळेत होती आणि वडील सदा फिरतीवर, असून नसल्यासारखे. आई जाण्याआधी ताईला एवढंच सांगून गेली होती की पोरांना वाफ देत जा. तिला सर्दीची वाफ म्हणायचं असणार. ताईनं ते सगळ्यालाच लावलं. मधल्याची परीक्षा, वाफ. माझी मुलाखत, वाफ. मधला परदेशी निघाला त्या पहाटे तिघं एका चादरीखाली, मधोमध पातेलं, तीन डोकी एकमेकांना टेकलेली, नाकं गळतायत, डोळे गळतायत, आणि कुणाचं नाकातलं पाणी आणि कुणाचं डोळ्यांतलं हे चादरीबाहेर आल्यावर कुणाला सांगता आलं नसतं. मला वाटतं चादर त्यासाठीच असते. ताई म्हणाली, घसा मोकळा होईल, दोन तास खोकला येणार नाही, चल. मी म्हटलं, मला कुठे खोकला आहे. "एकटीनं कधी घेतलीये का मी?" ती म्हणाली. मग आम्ही दोघं त्या एवढ्याशा न्हाणीघरात, गुडघ्याला गुडघे लावून, एका टॉवेलाखाली. तिथे अंधारात, उकाड्यात, तिचा श्वास ऐकताना मला वाटलं, विचारून टाकावं. ताई, राहणार आहेस का तू तिकडे. तोंडात शब्द आलाही होता. पण वाफेत तोंड उघडलं की घशाला चटका बसतो, ते निमित्त पुरलं. बाहेर आल्यावर तिनं माझ्या कानाला मफलर गुंडाळला, स्वतःच्या डोक्याला शाल, गार वारा लागू नये म्हणून, आणि माझी बॅग उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, मधल्यासाठी आणलेल्या वस्तू मी हिच्यात भरल्यात, घेऊन चल.

ज्या हॉलमध्ये संध्याकाळी बँड वाजे तिथे रांग होती. पुढे टेबल, त्यामागे तोंडाला मास्क लावलेली एक नर्स, तिच्या हातात कपाळावर रोखायचं ते पिस्तुलासारखं यंत्र. रांगेत एवढी शांतता की बूट वाजवायची चोरी. ताई माझ्यापुढे. नर्सनं यंत्र ताईच्या कपाळाशी धरलं, बघितलं, पुन्हा धरलं. मग मला जवळ बोलावून माझ्या कपाळाशी. मग ती तिच्या भाषेत शेजारच्याला काही म्हणाली, आणि त्यानं आम्हा दोघांना बाजूच्या बाकाकडे बोट दाखवलं. यंत्रावर लाल दिवा होता. दातवाले आमच्या मागेच होते. ते एवढ्या चपळाईनं मागे सरकले की दातवालीच्या पायावर पाय पडला. ताई माझ्याकडे बघत होती. तिला कळेना काय झालं. मला मात्र त्या लाल दिव्याबरोबरच सगळं कळलं होतं. ताप कसला, कपाळं भाजून काढली होती आम्ही, आणि वरून लोकर गुंडाळली होती. दोन वाक्यांत सांगण्यासारखी गोष्ट. आणि मी गप्प बसलो.

किती वेळ, ते सांगता येणार नाही. पडद्यावर फिल्म अडकली तर जळायला जेवढा लागतो तेवढाच असेल. पण त्यात सगळं बसलं. मी गप्प बसलो तर आम्हाला खोलीत पाठवतील. मधला फाटकाशी थांबून थांबून लंगडत घरी जाईल. जहाज दुपारी सुटेल, आणि ताई त्याच्यावर असेल, आणि पुढच्या महिन्यात मी माझ्या पलंगावर डोळे मिटून पडलेला असेन आणि भिंतीपलीकडून खोकला येईल. यात माझा काही दोष नाही. नियमच आहे तसा. मी काही केलं नाही, फक्त काही बोललो नाही, आणि न बोलल्याबद्दल माणसाला कुणी बोल लावत नाही. असं सगळं सुखाचं माझ्यापुढे मांडून ठेवलेलं असताना मी ताईकडे पाहिलं. तिला उबळ आली होती. तिनं ओठ मिटून घेतले होते, गळ्याची शीर तटतटली होती, शालीचं टोक आवळणारी बोटं पांढरी पडली होती, आणि डोळ्यांतून पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं होतं, पण आवाज म्हणून नव्हता. शाळेतली मुलगी धीर धरून उभी राहते तशी ती उभी होती. मी पुढे झालो, मफलर सोडून डोक्यावरून पुढे ओढला, दोन्ही हातांचा द्रोण तोंडाखाली धरला आणि नर्ससमोर वाकून जोरजोरात श्वास घ्यायला लागलो. तिला वाटलं मला दम लागला. तिनं खुर्ची मागे सारली आणि कुणाला तरी हाक मारली. तेव्हा हॉलच्या दुसऱ्या टोकाहून, भिंतीला पाठ लावलेले दातवाले मोठ्यानं म्हणाले, अहो, वाफ घेतलीत का तुम्ही. मी म्हटलं, हो. मग त्यांनी तिथूनच, नाकाला रुमाल धरून, तिच्या भाषेत तिला समजावलं. भला माणूस. नर्स आधी माझ्याकडे बघत राहिली, मग ताईकडे, आणि मग मास्कच्या वरचे तिचे डोळे बारीक झाले. तिनं आमच्या डोक्यावरची लोकर स्वतःच्या हातानं काढली, खिडकी उघडली आणि खुणेनं सांगितलं, बसा इथे, गार व्हा.

आम्ही गार होत बसलो. ताई म्हणाली, माझ्यामुळे झालं. मी जे करणार होतो त्याच्या पासंगालाही ते पुरलं नसतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. मधला होता. म्हणाला, उशीर होईल रे, मला इथे फाटकातच बसवून ठेवलंय, भेटायला येणाऱ्यांनाही ते पिस्तूल लावतात, माझा आकडा जास्त आला. मी विचारलं, बरं नाही का. तो ओशाळून म्हणाला, "तसं नाही रे. सकाळी वाफ घेतली. एकट्यानं जमत नाही नीट, टॉवेल सरकतो. पण आज ताई भेटायची होती ना." मी फोन ताईच्या कानाशी धरला. ती ऐकत राहिली, आणि मग ती हसायला लागली, आणि मग व्हायचं तेच झालं, तिला खोकला आला, दोन दिवसांचा साचलेला, एकामागून एक, मोकळा. नर्स मान वर करून बघत होती. पण आता तिनं नुसता पाण्याचा पेला आणून दिला. दुसऱ्या वेळी हिरवा दिवा लागला.

फाटकापलीकडे एका खांबाशी मधला काठीवर भार देऊन उभा होता. मी ओळखला तो त्याच्या उभं राहण्यावरून. बाकी तो आमच्या वडिलांसारखा झाला होता. ताईनं त्याच्या टकलावरून हात फिरवून विचारलं, केस कुठे ठेवलेस. मग तिघं एका पत्र्याच्या सावलीतल्या बाकावर बसलो, चहा घेतला. तो गुडघ्याबद्दल बोलला. मी थिएटरच्या जागी गाड्या कशा उभ्या राहतात ते सांगितलं. ताई कधी त्याच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होती, आम्ही दोघं जेवलो का नाही हे बघायची तशी. माझं लक्ष सगळं जहाजाकडे. लोक हळूहळू परत चढायला लागले होते. दातवाल्यांनी लांबून हात केला. मला वाटलं, ताई आता बोलेल. आता म्हणेल.

"धाकट्या," ती म्हणाली, "तू राहतोस का इथे थोडे महिने?"

ती म्हणाली, ह्याला उठवायला, बसवायला, अंघोळीला हात द्यायला दणकट माणूस हवा. माझ्या मनगटात तेवढं बळ राहिलेलं नाही. बॅगेत तुझे कपडे आहेत, स्वेटर तळाशी आहे. मधला आपल्या बुटांकडे बघत होता, म्हणजे त्याला माहीत होतं. फोनवर त्यांचं कधी ठरलं ते दोघांनी मला कळू दिलं नव्हतं. मी विचारलं, आणि तू.

"मी जाते की परत. खोली आहे ना आपली जहाजात."

"एकटी?"

तिनं शालीची घडी मांडीवर सारखी केली. "तुला ती खोली होती ना रे, थिएटरात वर. दार लावलं की तू आणि तुझं मशीन. मला कधी होती? आईमागे तुम्ही दोघं, मग तू. मी रागानं नाही बोलत. तुम्ही चांगली पोरं आहात. पण मला एकदा बघायचंय, दार लावून एकटी बसले की मी काय करते ते."

मधला हळूच म्हणाला, "अगं, पण ते जहाज परत मध्येच बंद पडलं तर?"

"पडू दे," ताई म्हणाली. "मला कुठे पोचायची घाई आहे?"

मला आधी वाईट वाटलं, ते खरंच सांगतो. दोघा भावांत ती कुणाकडे राहणार हा प्रश्न मी समुद्रभर चघळत आलो होतो, त्या लाल दिव्यापुढे जवळजवळ पाप करून बसलो होतो, आणि ती मात्र आम्हा दोघांना एकमेकांच्या गळ्यात बांधून मोकळी झाली होती. तिला तो नको होता आणि मीही नको होतो, थोडे दिवस तरी, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती कंटाळेल म्हणून मी चार दिवस तिच्या शेजारी खिळा ठोकल्यासारखा बसून होतो, आणि ती बिचारी मी डेकवर कधी जातो याची वाट बघत होती. ते आठवलं आणि मला हसू फुटलं. मी हसतोय म्हटल्यावर मधलाही हसायला लागला, काठीवर डोकं टेकवून, आणि ताई आम्हाला दोघांना बघून म्हणाली, झालं, आता दोघं मिळून घर डोक्यावर घ्याल. मी म्हटलं, ताई, जा.

तिनं निरोप लांबवला नाही. दोघांच्या पाठीवर एकेक थाप दिली, पर्स काखेत मारली आणि निघाली. जहाजाच्या शिडीशी तीच नर्स उभी होती. तिनं यंत्र ताईच्या कपाळाशी धरलं, मान हलवली, आणि मग आमच्या दिशेनं बघत तिला काहीतरी विचारलं. खोलीतलं दुसरं माणूस कुठे, असंच असणार. ताईनं एक बोट वर केलं. मग शिडी चढू लागली, कठड्याला हात न लावता, बऱ्यापैकी भराभर. ही बाई आयुष्यात घरातून बाहेर पडली की कोपऱ्यावर जाईपर्यंत तीनदा मागे वळायची, गॅस बंद केला का, कुलूप ओढून पाहिलं का, आम्ही खिडकीत आहोत का. आम्ही दोघं मान उंच करून बघत होतो. ती वरच्या दारातून आत गेली आणि दिसेनाशी झाली.

"वळून बघितलंसुद्धा नाही रे तिनं," मधला म्हणाला.

"नाही," मी म्हणालो, आणि मला फार बरं वाटलं.